गोठ्यात एआय, हातात थर्मल कॅमेरा: ढोरांचा ढेकर खरंच मोजता येतो का?

धुरेकरी

राम राम मंडळी.

सध्या आमच्या भागातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. विदेशातली काळी-पांढरी गाय, तिच्या तोंडातून जांभळा ढग निघतो, संगणक त्याच्याभोवती हिरवी रेघ ओढतो आणि खाली अक्षरं येतात, ‘मिथेन’, म्हणजे ढेकरातून निघणारा, पृथ्वी तापवणारा वायू. त्यावर आपल्या लोकांचं कीर्तन सुरू. अर्धे म्हणतात, आता ढेकरावर कर लागणार. उरलेले म्हणतात, आता गाईमागे कार्बनचे पैसे, म्हणजे असा वायू घटवल्याचा मोबदला, येणार. व्हिडिओत दोन्हींतलं काहीच नाही, पण विषय सोडून देण्यासारखा नाही, म्हणून हा धागा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा. घरी गवळाऊ बैलांची जोडी, थोड्या म्हशी आणि गोबरगॅस. शेतीसोबत वीजजोडणीची कामं घेतो, त्यामुळे थर्मल कॅमेरा वापरण्यातला आहे. ट्रान्सफॉर्मरचा कोणता जोड तापलाय ते त्यात चटकन कळतं. हा व्हिडिओ आल्यापासून जो तो म्हणतो, ‘तुझ्याकडं तो कॅमेरा आहे ना, लाव आमच्या गोठ्यात.’

लावून पाहिला. बैल रवंथ करत बसला होता. नाकपुड्या श्वास घेताना निळसर, सोडताना पिवळ्या. शिंगाचं बूड गरम, टोक थंड. मानेवर जू घासून सुजलेली जागा मात्र लखलखीत दिसली, ते कामाचं निघालं. वायू? शून्य. दिसणारही नव्हता.

कारण असं. साधा थर्मल कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींतली उष्णता पाहतो, आणि हवेतून उष्णता आरपार जाते म्हणूनच हा पट्टा निवडलेला असतो. मिथेन उष्णता शोषतो ती मुख्यतः ३.३ आणि ७.७ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक जागा पूर्ण बाहेर, दुसरी अगदी काठावर. वायू पाहणारे कॅमेरे वेगळे असतात. त्यांत नेमक्या त्या अरुंद पट्ट्याची गाळणी बसवलेली असते, आणि ३.३ वाल्या कॅमेऱ्यात तर सेन्सर उणे तापमानाला थंड ठेवणारं छोटं यंत्रच आत असतं. किंमत लाखांत, तीही एक-दोन नाही. मोबाईलला लावायची जी डबी मिळते, तिच्यात मिथेन दाखवतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

बरं, महागडा कॅमेरा आणला तरी आपल्याकडे एक वेगळाच घोळ आहे. वायू दिसायला त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या तापमानात फरक लागतो. डिसेंबरच्या पहाटे भिंत १२ अंशांवर, श्वास कोमट, तेव्हा ढग उजळ दिसेल. मे महिन्यात दुपारी मागे ६० अंशांचा पत्रा असला तर तोच ढग गडद दिसेल. आणि मे महिन्यातच दिवस मावळल्यावर मातीची भिंत उतरत उतरत ३७-३८ वर येते आणि तिथंच कितीतरी वेळ रेंगाळते. बैलाच्या श्वासाचं तापमान त्याच्याच जवळपास. वायू आहे तिथंच आहे, कॅमेऱ्याला मात्र काही नाही. ज्या देशांत गोठा वर्षभर बंद आणि थंड असतो, तिथल्या लोकांना हा प्रश्न एवढा छळत नसावा.

एआय येतं ते यानंतर. ढग दिसला तरी तो धूसर, हलता, क्षणात विरणारा. चित्रातला कोणता ठिपका वायूचा आणि कोणता धुळीचा, वाफेचा किंवा हललेल्या शेपटीचा, हे संगणकाला शिकवायचं. हजारो चित्रांवर माणसांनी रेघा काढून द्यायच्या, मग यंत्र स्वतः रेघ काढू लागतं. त्यात गैर काही नाही. ताडोबाच्या बाजूच्या गावांत वाघ ओळखायला एआय कॅमेरे लागलेच आहेत. पण वाघ ‘आहे की नाही’ एवढंच सांगायचं असतं. ढेकर ‘किती ग्रॅम’ हे सांगायचं असेल तर काम फार वेगळं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे यंत्र आपल्या कामाचं आहे ते गळती शोधायला, ढोरं मोजायला नाही. आणि ढोरं मोजायला म्हणून कोणी गोठ्यात कॅमेरा घेऊन आलं, तर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. बोला आता.

ढोरकी

भाऊ, एक इचारतो, हासू नोका. त्या व्हिडिओत तोंडातून काहून दाखवते? आमाले त वाटे का सारा कार्यक्रम मांगूनच होते.

धुरेकरी

@ढोरकी, निम्म्या जगाला तसंच वाटतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात जंतू चारा कुजवतात, मिथेन तिथं तयार होतो आणि नव्वद टक्क्यांच्या वर तोंडावाटेच निघतो. मागचा वाटा किरकोळ. त्यामुळे कॅमेरा लावायचा तो गव्हाणीच्या बाजूनं.

ढोरकी

म्हन्जे आमी उगाच बदनाम करून राह्यलो बिचाऱ्याले. बरं, सांगा पुढं.

सीताबर्डी

कराचं एकदा नीट सांगा कोणीतरी, कारण आमच्या ऑफिसातही हीच चर्चा. न्यूझीलंडने लावला म्हणे.

धुरेकरी

न्यूझीलंडने २०२२ मध्ये प्रस्ताव आणला होता, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले आणि २०२४ मध्ये तो गुंडाळला गेला. डेन्मार्कने मात्र २०२४ मध्ये ठरवलंय, २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर. भारताने २०२१ च्या ग्लासगो परिषदेतल्या मिथेन कपातीच्या जागतिक प्रतिज्ञेवर सहीच केलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत आपल्याकडे १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी निघाल्या. त्यातली बहुतेक ढोरं दोन-चारच्या दावणीला. तिथं गोठ्यागणिक कॅमेरा लावून कर वसूल करायचा म्हटलं तर वसुलीपेक्षा भत्ताच जास्त होईल.

प्रयोगशाळा

मी पशुपोषणात संशोधन करते, विदर्भातच. धुरेकरींनी बरोबर जागी बोट ठेवलंय, थोडी भर घालते.

एका जनावराचा मिथेन मोजायची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे जनावराला बंद खोलीत ठेवायचं आणि आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या हवेचा हिशोब करायचा. दुसरी पद्धत सल्फर हेक्झाफ्लोराइडची. हा वायू ठरलेल्या वेगाने सोडणारी छोटी नळी जनावराच्या पोटात, नाकाजवळ बारीक नळी आणि गळ्यात हवा साठवणारा डबा. दोन्ही वायूंच्या प्रमाणावरून मिथेन काढता येतो. दोन्ही पद्धती खर्चिक आणि किचकट, म्हणून तर लोक कॅमेऱ्याकडे वळले. जनावराला हात न लावता काम होत असेल तर कोणाला नको आहे?

पण कॅमेरा जे देतो ते ‘पीपीएम-मीटर’. म्हणजे कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंतच्या सरळ रेषेत एकूण किती वायू आला त्याची बेरीज. विरळ पण रुंद ढग आणि दाट पण अरुंद ढग, दोन्हींचा आकडा सारखा येऊ शकतो. त्याचे ग्रॅम करायचे तर ढग किती वेगाने सरकतोय ते हवं, म्हणजे वारा हवा. आपला गोठा तिन्ही बाजूंनी उघडा. संध्याकाळी वारा फिरला की सगळा हिशोब फिरतो.

रेघा ओढण्याचं काम मी स्वतः केलेलं आहे. एकच चित्र दोघांना दिलं तर ढगाचा गाभा दोघंही सारखा दाखवतात, कडा मात्र कधीच जुळत नाहीत. आणि बराचसा वायू त्या कडेतच पसरलेला असतो. यंत्र शेवटी आमच्याच रेघांवरून शिकणार. वर माझ्या पाहण्यातले बहुतेक चित्रसंग्रह विदेशी गोठ्यांतले आहेत. आपल्याकडे थंडीत सकाळी जनावराच्या तोंडातून वाफ निघते, ती पाण्याची, आणि ७.७ मायक्रॉनच्या आसपास पाण्याची वाफही थोडी उष्णता शोषतेच. तिकडे शिकलेलं मॉडेल इथं आणून लावलं तर ते वाफेलाही मिथेन म्हणू शकतं. नवा चकचकीत पत्रा मागे असेल तर आणखी वेगळा त्रास, कारण तो स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आभाळाची परत फेकतो.

तरी एक उपयोग मला पटतो, तो तुलनेचा. तोच गोठा, तेच जनावर, तीच वेळ, फक्त चारा बदलला. ढग लहान झाला का? एवढंच विचारायचं असेल तर ग्रॅमचा आकडा चुकीचा असला तरी चालतो.

कुटार

@प्रयोगशाळा ताई, चाऱ्यावर बोललात म्हणून विचारतो. आमच्याकडे सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार आणि ज्वारीचा कडबा, हेच वर्षभर. यानं मिथेन वाढतो म्हणतात, खरं का?

प्रयोगशाळा

खरं आहे. जनावर खाल्लेल्या एकूण ऊर्जेतला साधारण सहा-साडेसहा टक्के भाग मिथेनच्या रूपात बाहेर टाकतं, निकस चाऱ्यावर जास्त. म्हणजे पर्यावरण बाजूला ठेवलं तरी तो तुमचाच चारा हवेत जातो. कडब्याची कुट्टी करा, सोबत थोडा हिरवा चारा, ढेप, खनिज मिश्रण. मिथेन फार घटला नाही तरी दूध वाढतं, आणि लिटरमागे मिथेन कमी पडतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य तयार केलंय, त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं त्यांनी जाहीर केलं आहे. पण आधी कुट्टी. गव्हाणीत अर्धा कडबा पायाखाली तुडवला जात असताना पावडरीवर पैसे घालू नका.

झाडीपट्टी

आम्ही गोंदियाकडचे. तुमच्या ढोरांपेक्षा आमच्या धानाच्या बांध्यांवर (शेतांवर) जास्त नजर आहे जी लोकांची. गेल्या हंगामात एका कंपनीचे पोरं आले, टॅबवर आमच्या बांधीचे फोटो काढले, म्हणाले, धानातलं पाणी मधूनमधून सुकवा, मिथेन घटेल, कार्बनचे पैसे देऊ. उपग्रह आणि एआय बघणार म्हणे. बहुतेकांनी अंगठे दिले. कागद मराठीत नव्हता. पैसे अजून कोणाच्या खात्यात आले नाहीत, फोन लावला तर माणूस बदललेला. आता सांगा, वरून खरंच दिसते का?

धुरेकरी

मिथेन नाही दिसत, निदान तुमच्या बांधीचा नाही. युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह २०१७ पासून मिथेन पाहतो, पण त्याचा एक ठिपका साधारण ७ बाय ५.५ किलोमीटरचा. तुमचं अख्खं गाव आणि शेजारची दोन-तीन गावं त्यात मावतील. मिथेनसॅट नावाचा जास्त बारीक पाहणारा उपग्रह २०२४ च्या मार्चमध्ये सोडला, २०२५ च्या जूनमध्ये त्याचा संपर्कच तुटला. वरून बऱ्यापैकी कळतं ते बांधीत पाणी उभं आहे की जमीन उघडी पडली. रडार ढगांतूनही पाहू शकतं. मग ‘पाणी सुकवलं म्हणजे इतका मिथेन वाचला’ असं गणित मांडतात. म्हणजे मोजणी नाही, अंदाज. अंदाज वाईटच असतो असं नाही, पण त्याला मोजणी म्हणून खपवू नये.

प्रयोगशाळा

धानाच्या बांधीत जमिनीवर धरलेल्या कॅमेऱ्यालाही फारसं हाती लागणार नाही. पाण्याखालच्या मातीत हवा नसते, तिथले जंतू मिथेन करतात, आणि तो बहुतांश धानाच्या पोकळ दांड्यांमधून वर येतो. अख्ख्या बांधीभर थोडा थोडा. ढग होतच नाही, दिसणार काय? तिथं रोपांवर पारदर्शक पेटी ठेवून आतली हवा सिरिंजने काढतात आणि प्रयोगशाळेत तपासतात.

झाडीपट्टी

पाणी सुकवायचं तरी कसं? पुस्तकात लिहिते का, भोकं पाडलेला पाइप बांधीत रोवा, पाणी जमिनीच्या १५ सेंटीमीटर खाली गेलं का मग द्या. बोअरवाल्याला जमेल. आमचं पाणी मामा (माजी मालगुजारी) तलावाचं, नाहीतर इटियाडोहच्या कालव्याचं. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. मी सुकवतो म्हटलं तर खालच्याचं रोवणं वाळते. आणि कालव्याची पाळी एकदा गेली का पुढची कधी येईल ते देवाले माहीत. कोणता धानवाला हातचं पाणी सोडेल?

सीताबर्डी

हा मुद्दा त्या कंपनीच्या पीपीटीत नक्की नसणार.

पऱ्हाटी

धागा धानाकडे गेला, थोडा कापसाकडे आणतो. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात, सगळ्यांना माहीत आहे. कृषी खातंच सांगतं, फरदड (वेचणीनंतर तसंच राखलेलं पीक) घेऊ नका, गुलाबी बोंडअळी मोडायची तर पऱ्हाटी लवकर काढा. काढून ठेवायची कुठं ते कोणी सांगत नाही. मजूर नाही, श्रेडर तालुक्यात एखादा. आता ऐकतो की जाळलं की उपग्रहात दिसतं. हे तरी खरं का?

धुरेकरी

हे खरं. आग म्हणजे ४ मायक्रॉनच्या आसपास प्रचंड झोत, उपग्रहाला ओळखायला सोपी. नासाच्या ‘फर्म्स’ संकेतस्थळावर कोणीही फुकट पाहू शकतो. उपग्रहावरच्या व्हिअर्स उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरचा आणि फेरी साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास. ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे ३५ एकराच्या जवळपास. ठिपका कोणाच्या धुऱ्यावरचा, हे एवढ्यावरून ठरत नाही. संध्याकाळी पेटवलेला छोटा ढीग रात्रीपर्यंत विझला तर ठिपका येतही नाही. हे ऐकून संध्याकाळी पेटवायला जाऊ नका, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा खोकला उपग्रह मोजत नाही.

सीताबर्डी

मग एकंदरीत विदर्भातल्या कोरडवाहू शेतीतून सगळ्यात जास्त त्रास कशाचा? ढोरं, पऱ्हाटी की आणखी काही?

धुरेकरी

सगळ्यात मोठं कोणतं ते जिल्ह्यावर आहे. पण ज्याचं कोणी नावच घेत नाही ते सांगतो. युरिया.

युरियाची ४५ किलोची गोणी, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलाची समिती) २००६ च्या ढोबळ नियमानुसार टाकलेल्या नत्रातलं १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. वजनाचा हिशोब लावला तर गोणीमागे साधारण ३२५ ग्रॅम. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. झाले जवळजवळ ८९ किलो, म्हणजे ३३ लिटर डिझेल जाळल्याइतकं. एक गोणी! कोरड्या जमिनीत प्रमाण कमी असतं, पण आपली काळी जमीन झडीत चार दिवस चिबडली की नेमकं तेव्हाच हे जास्त होतं. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाचं आवरण चढवून येतो, त्याने नत्र थोडं हळू सुटतं, पण पावसाचा अंदाज न पाहता फेकलं तर निंबोळी काय करणार?

आणि हा वायू कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही. एकरभर इतका पातळ पसरतो की ढग बनतच नाही. म्हणून याचा व्हिडिओही फिरत नाही. ज्याचा ढग दिसतो ती गाय बदनाम आणि ज्याचा दिसत नाही ती गोणी अनुदानात.

पऱ्हाटी

+१. शेवटचं वाक्य स्टेटसला ठेवतो.

खारपाणपट्टा

मंडळी, २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलंय, ५०० कोटींची तरतूद. त्यातून प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राला एक वायू-कॅमेरा मिळाला तर? भाड्याने फिरवता येईल.

धुरेकरी

प्रत्येकी नको, विभागात एक पुरे. आणि त्याने पहिलं काम गोबरगॅसचं करावं. हिशोब सांगतो. २ घनमीटरचं संयंत्र पूर्ण चाललं तर रोज २ घनमीटर वायू, त्यात मिथेन ६० टक्के धरा, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम. त्यातला १० टक्के गळला तर रोज ८० ग्रॅम, वर्षाला २९ किलो. आयपीसीसीच्या २००६ च्या त्याच नियमावलीत भारतीय उपखंडातल्या बैलासारख्या दुधाव्यतिरिक्तच्या गोवंशाला वर्षाचे २७ किलो धरलेत. म्हणजे गळकं गोबरगॅस ठेवणं म्हणजे गोठ्यात आणखी एक बैल बांधणं, तेही काम न करणारा. वर गॅस जातो तो वेगळाच.

ढोरकी

आमच्या घरचा गोबरगॅस लय वर्षांचा आहे. पह्यले सकाळी चहा-भाकरी दोन्ही होये, आता चहातच दम तोडते. शेन तेवढंच टाकतो. कॅमेरा येईपर्यंत काय करू सांगा.

धुरेकरी

@ढोरकी, कॅमेऱ्याची वाट पाहू नका. साबणाचं घट्ट पाणी करा आणि ब्रशने घुमटावरच्या मुख्य व्हॉल्व्हपासून चुलीपर्यंत प्रत्येक जोडाला लावा. बुडबुडा फुगला की तिथं गळती. रबरी नळी भेगाळली असेल तर सरळ बदला, बहुतेक वेळा तीच असते. काडी पेटवून अजिबात तपासू नका. त्यानंतरही जोर नसेल तर मग घुमटाला तडा, तो मातीखाली असल्यामुळे साबणाने कळत नाही. वरची माती काढून पाणी सोडून पाहावं लागेल. खरा कॅमेरा कामाला येतो तो तिथं, आणि शेणकाला बाहेर पडतो त्या कुंडीवर. तिथूनही वायू सुटत राहतो आणि साबणाला काही सापडत नाही.

प्रयोगशाळा

@ढोरकी, शेण तेवढंच असलं तरी पाणी तेवढंच घालता का? शेण आणि पाणी निम्मं-निम्मं. आणि आत वर्षानुवर्षांची माती-वाळू साचली असेल तर जागाच कमी होते, गळती नसतानाही गॅस घटतो. शेवटचा उपसा कधी झाला?

ढोरकी

उपसा? बाबा होते तवा झाला होता.

धुरेकरी

मग साबण नंतर. आधी उपसा. झाकण उघडून निदान दोन दिवस हवा खेळू द्या, आणि आत कोणीही उतरू नका, दोर बांधूनसुद्धा नाही. वरूनच पंपाने काढा. मुख्य व्हॉल्व्हचा फोटो इथं टाका, गंजला असेल तर त्याच वेळी बदलून घेऊ.

ढोरकी

टाकतो संध्याकाळी. मोबाईल पोराजवळ आहे.